सरळ ठेवलेलं ताट

नजमा, काल तुझ्या स्वयंपाकघरात मी तुझ्या परवानगीशिवाय भांडी घासली. तू असतीस तर मला मोरीपाशी फिरकू दिलं नसतंस. पाहुणी म्हणून नव्हे, तर शुभा भांडी पालथी घालते म्हणून. इतकी वर्षं आपण त्या एका गोष्टीवरून भांडलो आणि निकाल लागायच्या आत तू निघून गेलीस. हे काही बरोबर केलं नाहीस.

आम्ही श्रीवर्धनला पोचलो तेव्हा तुला नेऊन झालं होतं. तुमच्यात थांबत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी डोंबिवलीपासून अख्ख्या रस्त्यात मी ड्रायव्हरच्या मागे घाई कर म्हणून लागले होते आणि वसंत त्याला सावकाश जा म्हणून सांगत होता. शेवटी त्या ड्रायव्हरने आम्हा दोघांचंही ऐकणं सोडून दिलं. दारात हनीफभाई भेटले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "जेवून घ्या आधी. ती असती तर तेच बोलली असती." मग मला रडू आलं, आणि रडत रडत मी जेवले. शेजारणीने पाठवलेल्या कालवणात तिरफळ जरा जास्त पडलं होतं. तू तिला सोडलं नसतंस.

तिथे बायका मला विचारत होत्या, नजमा तुमची कोण. शेजारीण म्हटलं असतं तर कमी पडलं असतं आणि बहीण म्हटलं असतं तर तू कुठूनतरी हसली असतीस. मी सांगितलं, आम्ही एका लढाईत बरोबर होतो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

खोटं काय आहे त्यात? खफजी म्हणजे सौदीतलं, कुवेतच्या हद्दीला चिकटलेलं गाव, आणि आपल्या दोघींचे नवरे तिथल्या पाण्याच्या प्लांटवर. समुद्राचं खारं पाणी आत घ्यायचं आणि गोडं करून गावाला द्यायचं. वसंत इंजिनिअर, हनीफभाई ऑपरेटर. आपली ओळख भाजीच्या दुकानात झाली. तू हातात जुडी धरून स्वतःशीच पुटपुटत होतीस, "ही कोथमीर नाय, गवत हाय." मी मराठी ऐकून गर्रकन वळले. त्यानंतर ती जुडी आपण दोघींनी मिळून परत केली आणि दुकानदाराला दोन भाषांत झापलं. पायघोळ काळ्या अबायातल्या दोन बायका, एकीच्या कपाळावर टिकली. त्याने निमूटपणे आतली ताजी जुडी काढून दिली.

मग त्या ऑगस्टमध्ये इराकच्या फौजेने कुवेत गिळलं आणि हद्दीपलीकडून गाड्यांच्या रांगा आपल्या गावातून जाऊ लागल्या. जानेवारीत युद्ध सुरू झालं त्याच दिवशी खफजीवर तोफगोळे पडले. गावाच्या कडेला तेलाची टाकी पेटली. कंपनीच्या बसमध्ये बसायला सांगितलं तेव्हा तू गॅसवरची डाळ तशीच टाकून आलीस, आणि पुढे कित्येक वर्षं तुला युद्धाचं नाव काढलं की आधी ती डाळ आठवायची.

तिथून दूर दक्षिणेला, खोबर शहरात, आपल्या दोन कुटुंबांना मिळून दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. भारतात जावं म्हटलं तर पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे कामावर आणणाऱ्या मालकाकडे, आणि कफील रियाधला. खिडक्यांना प्लास्टिक लावून त्यावर तपकिरी टेप चिकटवलेली, दारांच्या फटीत ओले टॉवेल. विषारी गॅस आलाच तर तो बाहेर राहावा म्हणून ही सगळी व्यवस्था. गॅस काही आला नाही. पण आतली हवाही बाहेर जाईना, आणि आपल्या दोघींना एकच स्वयंपाकघर.

मी भांडी घासली की पालथी घालते. माझी आई घालायची, मी घालते. खोबरच्या नळाचं पाणी असं खारट की ताटात जरा साचलं तर वाळल्यावर पांढरे डाग राहायचे. तरी तू मागून येऊन प्रत्येक भांडं सरळ करायचीस. मी पुन्हा पालथं घालायची. आपण एकमेकींशी अगदी गोड बोलत होतो आणि ओट्यावर युद्ध चालू होतं. शेवटी आमच्या मेधाने विचारलं. पाच वर्षांची होती ती, आणि शाळेच्या कृपेने आमच्याशी हिंदीत बोलायची. "आंटी, प्लेट उल्टी क्यों नहीं करनी?" तू तिला मांडीवर घेऊन सांगितलंस की तुझे स्वतःचे बाबा गलबतावर तांडेल होते. घरचा माणूस दर्यावर असला की त्याचं ताट तुमच्या घरात कोणी पालथं घालत नसे. पालथं ताट म्हणजे पालथी होडी. माणूस परत आला, जेवला, की मग खुशाल घालावं. आणि खोबरमध्ये तर आपण सगळेच घराबाहेर पडलेले, म्हणून सगळीच ताटं सरळ. मेधाला ते लगेच पटलं. मला पटलं नाही. मी म्हटलं, इथे दर्या कुठे आहे, वाळू आहे. तू म्हणालीस, मग वाळूवर सरळ ठेव.

इतपत हसण्यावारी चाललं होतं. मग प्लांटवर परत माणसं न्यायची ठरली. घाईघाईने निघताना सगळी यंत्रं खाऱ्या पाण्यानिशी तशीच बंद केली होती. आत मीठ बसलं असतं तर युद्ध संपल्यावर त्या गावाला प्यायला पाणी मिळालं नसतं. यंत्रं गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून ठेवायला हवी होती. हद्द शांत आहे, दोन दिवसांचं काम आहे, असं कंपनीवाले सांगत होते. पाळी वसंतची होती. आणि वसंत तापाने अंथरुणावर पडलेला, उठला की भिंत धरायचा. सकाळी पाहते तर हनीफभाई बूट घालून दारात उभे. "मीच जातो, वैनी. त्यांना झोपू दे," इतकंच म्हणाले. तू त्यांना डबा दिलास, ते जिना उतरेपर्यंत उभी राहिलीस आणि मागे वळून त्यांचं ताट धुतलंस. हनीफ म्हणून काठावर नाव कोरलेलं स्टीलचं ताट. ओट्याच्या कोपऱ्यात सरळ ठेवलंस. मी त्या दिवशी त्याला हात लावला नाही.

आणि मग रेडिओने सांगितलं की इराकी रणगाडे हद्द ओलांडून खफजीत शिरले.

गाव तर रिकामं होतं. सगळं जग म्हणत होतं की रिकाम्या गावात शिरून त्यांनी काय मिळवलं. ते रिकामं नाही, हे आपल्या त्या स्वयंपाकघरात माहीत होतं. बगदादचा रेडिओ विजयाची गाणी लावत होता. रियाधचा रेडिओ म्हणत होता, थोडेसे घुसखोर आहेत, हाकलतोय. लंडनची हिंदी बातमी म्हणत होती, नक्की काही कळत नाही. मी तिन्ही आळीपाळीने लावत होते. तू एकही ऐकत नव्हतीस, तांदूळ निवडत होतीस. कंपनीत फोन केला तर तिथल्या माणसाने अल्लाचं नाव घेऊन फोन ठेवला.

आपलं खरं भांडण त्या दिवशी झालं. मी म्हटलं, श्रीवर्धनला फोन करून हनीफभाईंच्या आईला सांगायला हवं. बातमी त्यांना बाहेरून कळली तर काय वाटेल त्या म्हातारीला? तू म्हणालीस, सांगायला हाय काय? मी म्हटलं, नजमा, तू स्वतःची समजूत घालतेयस. हे बघ, गावात फौज आहे, गोळीबार चालू आहे, मनाची तयारी ठेवायला हवी. तू हातातलं सूप खाली ठेवलंस आणि माझ्याकडे वळलीस.

"तयारी कसली? मी काय येडी हाय? मना समजतं सगळं. पन माजा माणूस गेलाय, तो परत येनार हाय. तो येईपर्यंत घरात दुसरी बात नाय."

मला तुझा इतका राग आला. मला वाटलं, ही डोळे मिटून बसली आहे आणि डोळे उघडे ठेवायचं काम माझ्या एकटीच्या गळ्यात टाकलंय. मी रेडिओ उचलून वसंतच्या खोलीत नेला आणि दार आपटलं. तापातला वसंत म्हणाला, मी जायला हवं होतं. मी त्याला गप्प झोप म्हणून सांगितलं. पण ते वाक्य त्या फ्लॅटमध्ये पुढचे दोन दिवस कोपऱ्यात बसून होतं, आणि आपण सगळे त्याला वळसा घालून चालत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की मी एकेक ताट फडक्याने कोरडं पुसून सरळ ठेवते आहे. वसंतचं, मेधाचं, माझं, सगळ्यांचं. कधी सुरू केलं कोण जाणे. विश्वास बसला होता असं नाही, पण एकही पालथी होडी त्या ओट्यावर मला बघवेना. तू मागे येऊन उभी राहिलीस. मला वाटलं हसशील. तू वसंतचं ताट उचलून माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "ह्ये घाल पालथं. तुजा माणूस घरात हाय."

नजमा, हे वाक्य मी इतकी वर्षं उराशी घेऊन फिरले. तुझ्या आवाजात धार नव्हती. पण असायला हरकतही नव्हती. माझा नवरा घरात होता कारण तुझा नव्हता. तो टोमणा होता का, हे मला कधी विचारता आलं नाही. पुढे आपण सासवांपासून गुडघ्यांपर्यंत सगळ्यावर बोललो, पण तेवढं सोडून.

मग रेडिओवर आलं की खफजी परत घेतलं. मी नाचतच स्वयंपाकघरात आले. तू ताटाला हात लावला नाहीस. म्हणालीस, "रेडिओ आलाय. माणूस खुठं आलाय?" आणि खरंच, दुपारी पुन्हा सांगितलं की काही गल्ल्यांत अजून गोळीबार चालू आहे. तू म्हणालीस बघ. पण तेवढ्या बातमीवर तू एक गोष्ट केलीस. डब्यातून सुके बोंबील काढलेस आणि तव्यावर भाजायला घेतलेस, कारण हनीफभाईंना आल्या आल्या तेच लागणार. खिडक्या बंद, वरून प्लास्टिक, वरून टेप. वास जाणार कुठे? तो दाराच्या फटीतून जिन्यात गेला.

थोड्या वेळाने दारावर धाडधाड. उघडलं तर वरच्या मजल्यावरचे केरळी मास्तर, तोंडावर रबरी मास्क चढवलेले, हातवारे करून काहीतरी ओरडत होते. त्या मास्कमधून आम्हाला फक्त "गॅस, गॅस" ऐकू आलं. मेधा घाबरून माझ्या मागे लपली. तू हातात चिमटा घेऊन बाहेर आलीस. आणि त्यांच्या पाठीमागून, जिन्याच्या वळणावरून, दमलेल्या आवाजात कोणीतरी हिंदीत म्हणालं, "मास्टरजी, गॅस नहीं है. मेरा खाना है."

धुळीने माखलेले, दाढी वाढलेली, पण दोन्ही हात, दोन्ही पाय जागच्या जागी. तू काय केलंस आठवतं? धावली नाहीस, रडली नाहीस. "बूट भायेर काढा," म्हणालीस. ताट वाढलंस आणि समोर बसलीस. ते भाकरी मोडत होते आणि तू त्यांच्या बोटांकडे बघत होतीस. ते जेवून उठले. तू ताट घासलंस, आणि असं दाणकन पालथं घातलंस की आतल्या खोलीत वसंत दचकून उठला.

"काय पडलं?" त्याने विचारलं.

"काय नाय पडलं, वसंतभाऊ," तू म्हणालीस. "ह्ये पोचले."

आणि मग मोरीवर वाकून इतकी रडलीस की मला तुला धरून उभं करावं लागलं.

हनीफभाईंनी सगळं नंतर हळूहळू सांगितलं. ते आणि आणखी दोघे पंपाच्या खोलीत खाली लपले होते. वर रणगाड्यांची घरघर, बाहेर अरबी बोलणं, ते कुठल्या बाजूचं हे कळायला मार्ग नाही. डबा संपल्यावर प्लांटचं ऊर्ध्वपातित पाणी प्यायचे, ज्याला काही म्हणजे काही चव नसते. गोळीबार थांबल्यावर पांढरं बनियन निशाणासारखं पाइपला बांधून बाहेर आले, तर सौदी सैनिकांनी त्यांना रस्त्यावर बसवलं आणि पहिली गोष्ट मागितली ती इकामा. समोर जळका रणगाडा अजून धुमसतोय, आणि राहण्याचा परवाना दाखव. हनीफभाईंच्या खिशात तो होता. ते म्हणायचे, आयुष्यभर त्या कार्डाला शिव्या दिल्या, त्या दिवशी त्याचा मुका घेतला. काम मात्र त्यांनी रणगाडे यायच्या आधीच पुरं केलं होतं. यंत्रं धुऊन, कोरडी करून ठेवली होती.

म्हणून तर उन्हाळ्यात आपण परत गेलो तेव्हा नळाला पाणी आलं. कुवेतकडचं आभाळ तेलाच्या धुराने काळं, तुझ्या बैठकीच्या भिंतीला परात जाईल एवढं भोक, आणि नळाला गोडं पाणी. तू त्या भोकात आडवी फळी ठोकून तिच्यावर मेथी पेरलेला डबा ठेवलास. ऊन येतं चांगलं, म्हणालीस. भिंत दुरुस्त करायला कंपनीची माणसं आली तेव्हा मेथी खुडायची आहे म्हणून त्यांना परत पाठवलंस. त्या मेथीची भाजी मी जेवले आहे. जरा कडू होती, पण त्या गावातली ती पहिली हिरवी गोष्ट होती.

पुढे आम्ही डोंबिवलीला आलो, तुम्ही श्रीवर्धनला. मेधा नोकरीला परदेशी निघाली त्या दिवशी सकाळी तुझा फोन. खुशाली नाही, काही नाही. "ताट सरळ ठेवलंस ना?" मी म्हटलं, अगं, आता रॅक आहे, त्यात ताटं उभी राहतात. मग म्हणालीस, "उभी होडी मी कदी बघितली नाय. पन बुडत तर नसंल." ते तुझ्या मनाला काही पटलं नव्हतं. दर महिन्याला तू रॅकबद्दल नवीन शंका काढायचीस. मी तुला अंधश्रद्ध म्हणायची, तू मला कोरडी म्हणायचीस, आणि फोन ठेवल्यावर मी मेधाचं ताट रॅकमधून काढून ओट्यावर सरळ ठेवायची. हे तुला मुद्दाम कधी सांगितलं नाही. जिंकल्यासारखी बोलली असतीस.

तर कालची गोष्ट. माणसं पांगली, वसंत पडवीत पुरुषांबरोबर बसला होता. मी मोरीत भांडी घेतली. ढिगात तुझं ताट होतं, नजमा म्हणून नाव कोरलेलं, बहुधा कोणा पाहुण्याला त्यात वाढलं असेल. बाकीची भांडी माझ्या पद्धतीने पालथी घातली. तुझं पदराने पुसलं आणि वेगळं, सरळ ठेवलं. हातानेच ठेवलं, मी ठरवलं नव्हतं.

हनीफभाई पाण्याला आत आले. त्या ताटाकडे बघत उभे राहिले. मग स्टुलावर बसले.

"वैनी, मना खफजीला कोनी धाडला, तुमाला ठावं हाय?"

मी म्हटलं, कंपनीने. वसंतला ताप होता म्हणून तुम्ही गेलात.

त्यांनी मान हलवली. "मी जात नव्हतो. माजी पाळी नव्हती, मी कशाला जाऊ? तिनं धाडला. बोलली, वसंतभाऊ तापानं फणफणलाय, तसाच उठून जाईल, नाय बोलनार नाय. त्याची पोर ल्हान हाय. तुमी जावा." पुढे म्हणाले, "मी बोललो, आनि मना काय झालं तर? तर बोलली, तुमी जावा. ताट मी बघते."

ताट मी बघते.

नजमा, मग त्या दिवसांत तू रेडिओ कसा ऐकणार होतीस? ज्याला तू स्वतः जिना उतरवलं होतंस, त्याच्या आईला काय म्हणून फोन करणार होतीस? मी तुला सांगत होते, मनाची तयारी ठेव. तू जबाबदारी घेतली होतीस, आणि ती एका ताटावर तोलून धरली होतीस. आणि तुजा माणूस घरात हाय, हा टोमणा नव्हता. ज्यासाठी तू हनीफभाईंना पाठवलं होतंस ते साधलंय ना, हे तू बघत होतीस. माझ्या हातात वसंतचं ताट देऊन तू एवढंच बघून घेतलंस की इकडचं तरी नीट आहे. मी किती वर्षं त्या वाक्याला कुरवाळत बसले, आणि तू तोवर मेथी पेरून मोकळी झाली होतीस. मला तुझा राग आला काल. एवढं मोठं देणं देऊन ठेवायचं आणि आभार मानायला जागाच ठेवायची नाही, ही कुठली रीत? मग राग गेला. आज तर मला नुसतं हलकं वाटतंय, हे तुला सांगायलाच बसले आहे.

हनीफभाई उठले. तुझ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाले, "आता घाला ते पालथं."

मला होईना. मी, जिने जन्मभर भांडी पालथी घातली, तीच म्हणाले, राहू दे की सरळ.

"नाय," ते म्हणाले. "माणूस पोचल्यावर सरळ ठेवायचं नाय. वरडंल ती."

मी ताट उचललं. हात ओले होते, ते निसटलं आणि ओट्यावर दाणकन पालथं पडलं. पडवीतून वसंतने विचारलं, काय पडलं म्हणून.

"काही नाही पडलं," मी म्हटलं. "नजमा पोचली."